तो काय सांगतो आणि त्याला काय दिसत होतं

लैंगिक अत्याचाराची बातमी आली की पुढचे दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर काय येणार हे ठरलेलं असतं, नराधम, फाशी द्या, आमच्या ताब्यात द्या आम्ही बघतो. राग मला कळतो, मलाही येतो, आणि तो यायलाच हवा. पण त्या रागात एक प्रश्न कायम मागे राहतो, की या माणसाने हे करायच्या आधी, करताना आणि केल्यावर स्वतःला नेमकं काय सांगितलं असेल? मी कौन्सेलिंग करते, माझ्याकडे मुलं आणि त्यांच्या आया जास्त येतात, आणि त्यांच्या बोलण्यातून जो माणूस हळूहळू कळत जातो तो नराधमासारखा अजिबात दिसत नसतो. तो मामा असतो, शेजारचे काका असतात, क्लासचे सर असतात, लग्नकार्यात सगळ्यांच्या पुढे धावपळ करणारा दादा असतो. एनसीआरबीचे (देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारा केंद्राचा विभाग) आकडे दरवर्षी हेच सांगतात, नोंद झालेल्या बलात्काराच्या केसेसमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर आरोपी ओळखीतलाच असतो. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. निम्म्याहून जास्त मुलं. म्हणजे हे करणारे मूठभर वेडे नाहीत, आणि त्यातले बरेच जण रात्री शांत झोपतात. ती झोप त्यांना कशी लागते हे शोधणं मला फाशीच्या चर्चेइतकंच महत्त्वाचं वाटतं.

मानसशास्त्रात या विषयावर चाळीसेक वर्षं काम चाललंय आणि स्वतःला असं समजावणाऱ्या वाकड्या विचारांना कॉग्निटिव्ह डिस्टॉर्शन्स असं म्हणतात. मूळचा शब्द डिप्रेशनच्या अभ्यासातून आला, अ‍ॅरन बेक यांनी १९६३ मध्ये लिहिलं की डिप्रेशनमधल्या माणसाचे विचार एका ठरावीक दिशेने वाकलेले असतात, एक पेपर वाईट गेला की मी कशाच्याच लायकीचा नाही असं. पुढे १९८४ मध्ये अमेरिकेत जीन एबल आणि ज्युडिथ बेकर यांनी तीच कल्पना मुलांवर अत्याचार करणाऱ्या पुरुषांना लावून बघितली. त्यांच्याकडे येणारे पुरुष पुन्हा पुन्हा त्याच चारदोन गोष्टी बोलायचे, मूल काही बोललं नाही म्हणजे त्याला चालत होतं, मी जबरदस्ती केली नाही मग त्रास कसला, उलट यामुळे आमचं नातं घट्ट झालं, मी तर त्याला शिकवत होतो. पण या विचारांची दिशा बघा. डिप्रेशनमधला माणूस स्वतःला नको तेवढा दोष देतो आणि हा माणूस स्वतःचा दोष जवळपास शून्यावर आणून ठेवतो, त्यामुळे एकाचे विचार त्याला आतून खातात आणि दुसऱ्याचे विचार त्याला सांभाळून घेतात, म्हणून तो स्वतःहून मदत मागायला सहसा येतच नाही.

मोठ्या बायकांवर अत्याचार करणाऱ्यांचंही तेच. डायना स्कली आणि जोसेफ मरोला यांनी व्हर्जिनियातल्या तुरुंगांत जाऊन बलात्काराची शिक्षा झालेल्या ११४ पुरुषांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८४ मध्ये त्यावर लिहिलं. त्यात दोन तऱ्हेची माणसं सापडली. काही जण म्हणायचे हो मी केलं, ते चूक होतं, पण मी प्यायलेलो होतो, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, एरवी मी असा नाही. दुसरे म्हणायचे केलं, पण तो बलात्कार नव्हताच, तिची इच्छा होती, ती तसलीच होती, नाही म्हणत होती पण नाही म्हणजे हो असतं. पहिला कृत्य मान्य करून स्वतःला बाजूला काढतो, दुसरा स्वतः तिथेच उभा राहतो पण कृत्याचं नाव बदलतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला व्हर्जिनिया आठवलंच नाही, मला आपल्या नात्यातल्या, सोसायटीतल्या गप्पा आठवल्या. दारूच्या नशेत झालं हो, एरवी माणूस देव आहे. आणि ती पण काय, एवढ्या रात्री कशाला गेली होती.

आपल्याकडे मधुमिता पांडे यांनी यूकेतल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करताना दिल्लीच्या तिहार जेलमध्ये बलात्काराची शिक्षा झालेल्या शंभर पुरुषांशी बोलून काम केलं. २०१७ मध्ये त्यांनी पत्रकारांना जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. खरा पश्चात्ताप वाटणारे त्यांना जेमतेम तीनचार जण भेटले, बाकीच्यांतल्या बऱ्याच जणांना संमती म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. एका तरुणाने पाच वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला होता, तो म्हणाला की आता तिच्याशी लग्न कोण करणार, मी बाहेर आलो की मीच करीन. हे वाक्य नीट वाचा. तो स्वतःला वाचवायला बोलत नाहीये, शिक्षा झालेलीच आहे, मुलाखत देऊन ती कमी होणार नाही. त्याला मनापासून वाटतंय की आपण उदारपणा दाखवतोय. मुलीची किंमत तिच्या कौमार्यात असते, ते गेलं की ती वाया गेली, मग तिला कुणीतरी पदरात घ्यायला हवी, एवढं सगळं त्याच्या डोक्यात आधीपासून होतं आणि ते त्याने तुरुंगात शोधून काढलेलं नाही, ते त्याला आपण सगळ्यांनी मिळून दिलेलं आहे.

मला इथेच थांबून एक फरक करायचाय, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. एक असते सबब, पकडलं गेल्यावर दिलेली, लोकांसमोर आणि स्वतःसमोर तोंड वाचवायला. आणि दुसरा असतो आधीपासून डोळ्यावर असलेला चष्मा, ज्यातून त्याला ते मूल, ती बाई, ती परिस्थिती मुळातच वेगळी दिसत होती. दोन्ही वेळेला तोंडातून येणारं वाक्य अगदी सारखं असू शकतं, ‘तिला चालत होतं’. पण एक जण हे वकिलाने शिकवलं म्हणून बोलतोय आणि दुसऱ्याला खरंच तसं दिसलं होतं. सुरुवातीच्या काळात संशोधकांनी हे दोन्ही एकाच पोत्यात भरलं आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

न्यूझीलंडच्या टोनी वॉर्ड यांनी हा चष्मा कसला बनलेला असतो हे शोधायचा प्रयत्न केला. थॉमस कीनन यांच्याबरोबर १९९९ मध्ये त्यांनी मांडलं की सुटी सुटी वाक्यं मोजत बसण्यापेक्षा त्यांच्या खाली जगाबद्दलचे काही समज असतात ते बघा, माणूस जसा लहानपणापासून जगाबद्दल आपले आपले ठोकताळे बांधत जातो तसेच हे समज. मुलांवर अत्याचार करणाऱ्यांमध्ये त्यांना असे पाच सापडले. मुलांनाही मोठ्यांसारख्या लैंगिक इच्छा असतात हा एक. मला हवं ते मिळवायचा मला हक्क आहे, मी घरचा कर्ता आहे, हा दुसरा. तिसरा म्हणजे जग धोकादायक आहे, मोठी माणसं लबाड असतात, बायका दगा देतात, मुलंच तेवढी प्रेम करतात (याचाच दुसरा अवतार म्हणजे समोरच्याला धडा शिकवला पाहिजे). चौथा, माझ्यावर माझा ताबाच नव्हता, दारू, ताण, बायको जवळ येऊ देत नाही, सैतान शिरला. आणि पाचवा इजेबद्दलचा, की मारलं नाही, रक्त आलं नाही, मग असं काय मोठं नुकसान झालं. नंतर डेव्हन पोलाशेक आणि वॉर्ड यांनी मोठ्या बायकांवर बलात्कार करणाऱ्यांबद्दल अशीच मांडणी केली, त्यात ताबा नव्हता, हक्क आहे, जग वाईट आहे हे तीन तसेच राहिले आणि बायका म्हणजे भोगवस्तू आणि बायकांचा थांग लागत नाही, त्या बोलतात एक आणि मनात एक, हे दोन नवीन आले.

ताबा नव्हता हे तर सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि सगळ्यात लवकर खोटं पडतं. ज्याचा स्वतःवर ताबा नसतो तो माणूस घरात कुणी नसण्याची वेळ बघून येत नाही, दाराला कडी लावत नाही, आधी महिनाभर चॉकलेट आणि मोबाईल गेम देऊन मुलाचा विश्वास कमावत नाही, आणि कुणाला सांगितलंस तर आई मरेल असं त्याच्या मनात भरवून ठेवत नाही. एका आईने मला विचारलं होतं की मॅडम तो आजारी असेल का हो, मी तिला एवढंच विचारलं की ऑफिसमध्ये साहेबांसमोर त्याचा ताबा कधी सुटला होता का. ती बराच वेळ काही बोलली नाही.

पण मला जास्त बोलायचंय ते पाचव्या समजाबद्दल, इजेबद्दल, कारण महाराष्ट्रात तो तुरुंगाच्या बाहेर, थेट न्यायालयाच्या निकालपत्रात सापडतो. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, आरोपी दोन पोलीस. खालच्या कोर्टाने तिलाच खोटारडी ठरवलं आणि तिला लैंगिक संबंधांची सवय होती असं लिहिलं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, पण १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोघांना सोडलं, का तर अंगावर जखमा नव्हत्या, आरडाओरडा केला नाही, म्हणजे सगळं शांततेत झालं असणार. रात्री पोलीस ठाण्यात दोन वर्दीतल्या माणसांसमोर एक अनाथ पोर ओरडली नाही याचा अर्थ तिची संमती होती. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सुप्रीम कोर्टाला जाहीर पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. बरं हे जुनं झालं म्हणावं तर जानेवारी २०२१ मध्ये त्याच नागपूर खंडपीठाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या केसमध्ये म्हटलं की कपड्यांवरून हात लावला, त्वचेला त्वचा लागली नाही, त्यामुळे पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालचा लैंगिक हल्ला होत नाही. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला आणि सांगितलं की बघायचा तो हेतू. मला न्यायाधीशांना गुन्हेगारांच्या रांगेत बसवायचं नाहीये. पण एबल आणि बेकर यांच्या रूममध्ये बसलेला तो माणूस म्हणत होता की मी फक्त वरून हात लावला, तिला काही झालं नाही, तेव्हा तो काही परग्रहावरची भाषा बोलत नव्हता, एवढं तरी मान्य करायला हवं ना.

आणि हे मोजूनही झालंय. मार्था बर्ट यांनी १९८० मध्ये मिनेसोटातल्या ५९८ साध्या नागरिकांना, गुन्हेगार नव्हे हं, बलात्काराबद्दलचे समज विचारले. मनापासून प्रतिकार केला तर बाई वाचू शकते, चांगल्या घरच्या मुलींवर बलात्कार होत नाही, अशा तऱ्हेची वाक्यं. त्यांना होकार देणारे भरपूर निघाले. आणि ज्यांना स्त्री-पुरुष नात्यात थोडीफार जबरदस्ती चालते असं वाटत होतं ते या वाक्यांना जास्त होकार देत होते.

आता असेसमेंटचं बघू. हे विचार मोजायला बऱ्याच प्रश्नावल्या आहेत, एबल आणि बेकर यांची आहे, १९९६ मध्ये कर्ट बम्बी यांनी मुलांवर अत्याचार करणाऱ्यांसाठी एक आणि बलात्कार करणाऱ्यांसाठी एक अशा दोन केल्या. अडचण तुम्हाला लगेच कळेल. पॅरोलची वाट बघत बसलेल्या माणसासमोर तुम्ही कागद ठेवता की ‘काही मुलांना असं केलेलं आवडतं’, सहमत की असहमत, तर तो काय लिहिणार? शाळेतलं पोरही सांगेल उत्तर काय द्यायचं ते. थेरेसा गॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक शक्कल लढवली, २००७ मध्ये त्यांनी काही कैद्यांना अशा मशीनला जोडलं जे खोटं पकडतं असं त्यांना सांगितलं होतं, प्रत्यक्षात मशीन काहीच पकडत नव्हतं, आणि तेव्हा त्याच माणसांनी आधीपेक्षा जास्त वाक्यांना होकार दिला. गंमत अशी की गॅनन यांच्याच आधीच्या अभ्यासात असं काही दिसलं नव्हतं, त्यामुळे यावरून छातीठोक काही बोलता येत नाही, पण कागदावरचं उत्तर म्हणजे डोक्यातला विचार नाही एवढं पक्कं. म्हणून आता चांगला असेसमेंट करणारा माणूस प्रश्नावलीवर थांबत नाही. तो त्या दिवसाची गोष्ट सांगायला लावतो आणि ऐकताना बघतो की हा मुलाच्या गप्प बसण्याचा अर्थ काय लावतोय, रडण्याचा काय लावतोय. त्याचा आधीचा गुन्ह्यांचा इतिहास, वय, अनोळखी माणसावर हल्ला केला होता का, अशा न बदलणाऱ्या गोष्टींसाठी स्टॅटिक-९९ नावाचं साधन वापरतात, आणि बदलू शकणाऱ्या गोष्टींसाठी स्टेबल-२००७, ज्यात बायकांबद्दलचा राग, मोठ्यांपेक्षा मुलांशीच जास्त जवळीक वाटणं, जोडीदाराशी नातं न टिकणं, चिडल्यावर लैंगिक गोष्टींत पळून जाणं हे सगळं येतं. दोन्हींच्या मागे कॅनडाचे कार्ल हॅन्सन आहेत.

याच हॅन्सन यांनी केली मोर्टन-बर्गॉन यांच्याबरोबर २००५ मध्ये एक मोठं काम केलं, ८२ अभ्यास एकत्र करून २९,४५० लैंगिक गुन्हेगारांपैकी पुन्हा गुन्हा कुणी केला आणि का हे तपासलं. विकृत लैंगिक आकर्षण आणि एकूणच बेछूट, कायदा न मानणारी वृत्ती या दोन गोष्टी सगळ्यात जड निघाल्या. पण गुन्हा नाकारणं आणि पीडितेबद्दल सहानुभूती नसणं यांचा पुन्हा गुन्हा करण्याशी फारसा संबंधच दिसला नाही! हे वाचून मी हादरले होते. कारण आपली सगळी धडपड असते की त्याने आधी कबूल करावं, रडावं, माफी मागावी. तेच तर ट्रीटमेंटचं पहिलं पाऊल धरलं जात होतं.

पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, शॅड मरुना आणि रूथ मान यांनी थेट विचारलं की सबब देणं हे आजाराचं लक्षण कधीपासून झालं? ऑफिसला उशीर झाला की आपण ट्रॅफिक सांगतो, कुणी दुखावलं गेलं की माझा तसा हेतू नव्हता म्हणतो, जगातली सगळी धडधाकट माणसं आपल्या चुकीचं कारण बाहेर शोधतात. उलट ‘मी केलं कारण मी आहेच असा’ असं मानणारा माणूस बदलणार कसा? जो म्हणतो की मी एरवी असा नाही, त्याच्यात निदान एरवीचं कुणीतरी शिल्लक आहे. त्यांचं म्हणणं होतं की थेरपिस्टने सबबी खोडत बसू नये, खालचे समज शोधावेत. आणि २०१३ मध्ये लेस्ली हेल्मस, हॅन्सन वगैरे मंडळींनी ४६ गटांतल्या १३,७८२ जणांची माहिती तपासली तेव्हा गुन्ह्याला पाठबळ देणाऱ्या समजांचा पुन्हा गुन्ह्याशी संबंध निघाला, लहान पण टिकाऊ, आणि मुलांवर अत्याचार करणाऱ्यांत जास्त. म्हणजे सबब आणि चष्मा हा फरक आकड्यांतही उतरला.

इंग्लंडला याचा फटका चांगलाच बसला. १९९० च्या दशकापासून तिथल्या तुरुंगांत लैंगिक गुन्हेगारांच्या उपचाराचा कोअर एसओटीपी नावाचा कार्यक्रम चालायचा, गटात बसून प्रत्येकाने आपल्या गुन्ह्याची सविस्तर गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातल्या सबबी पकडायच्या, पीडितेच्या जागी स्वतःला ठेवून अभिनय करायचा. ऐकायला किती बरोबर वाटतं ना? २०१७ मध्ये तिथल्या न्याय मंत्रालयाने स्वतःच निकाल छापला, कार्यक्रम केलेले २,५६२ आणि न केलेले १३,२१९ यांची तुलना सरासरी आठ वर्षांवर, तर पुन्हा लैंगिक गुन्हा करणारे कार्यक्रम केलेल्यांत १० टक्के आणि न केलेल्यांत ८ टक्के. थोडे जास्तच. गटात तेच तेच किस्से ऐकून ते लोकांना सवयीचे झाले असतील, अशी शंका अहवालातच घेतली होती. सरकारने कार्यक्रम बंद केला आणि होरायझन आणि कायझेन असे दोन नवे आणले, ज्यात गुन्ह्याची उजळणी सक्तीची नाही, पुढे कसं जगायचं, नाती कशी टिकवायची, मनात आलं तर काय करायचं यावर भर. मला त्या मंत्रालयाचं कौतुक वाटतं, आपलाच पंचवीस वर्षांचा कार्यक्रम फसला हे आकड्यांसकट जाहीर करायला हिंमत लागते.

मग उपचाराने काहीच होत नाही का? होतं. गॅनन यांनीच २०१९ मध्ये ७० अभ्यास एकत्र केले, त्यात लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या खास उपचारानंतर पुन्हा गुन्हा करणारे ९.५ टक्के आणि उपचार न मिळालेल्यांत १४.१ टक्के. फरक मोठा नाही, पण प्रत्येक आकड्यामागे एखादं मूल आहे हे लक्षात घेतलं तर लहानही नाही. आणि जिथे शिकलेला, लायसन्स असलेला सायकॉलॉजिस्ट सतत हजर होता आणि गट घेणाऱ्या स्टाफला सुपरव्हिजन होतं तिथे निकाल चांगले होते, नुसतं चार दिवसांचं ट्रेनिंग देऊन शिपाई बसवला तर नाही. कॅनडाच्या बिल मार्शल यांनी तर थेरपिस्ट कसा बोलतो हेच तपासलं. तुटून पडणारा, उलटतपासणी घेणारा थेरपिस्ट माणसाला बदलू शकत नाही, आदराने पण ठामपणे बोलणारा, दिशा दाखवणारा बदलू शकतो. त्यांनी गुन्हा साफ नाकारणाऱ्यांचेही गट घेतले, अट एवढीच की तुम्ही केलं की नाही यावर वाद नको, पुन्हा कुणी तुमच्यावर असा आरोप करू शकेल अशी वेळ येऊ नये म्हणून आयुष्यात काय बदलायचं ते बोलू.

इथे माझ्यातली कौन्सेलर आणि माझ्यातली बाई यांचं भांडण होतं. ज्या मुलीने कोर्टात तीन वर्षं काढली, जिला उलटतपासणीत तू खोटं बोलतेस म्हटलं गेलं, तिला जाऊन मी काय सांगू, की बाई त्याचं कबूल करणं रिसर्चमध्ये महत्त्वाचं निघालं नाही? तिच्यासाठी ते जग आहे. त्याने एकदा म्हणावं की हो, मी केलं, हिची चूक नव्हती, एवढ्यासाठी बायका आयुष्यभर थांबतात. मला असं वाटतं की हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि ते मिसळायचे नाहीत. कबुली हे तिचं येणं आहे, कायद्याने, घरच्यांनी, समाजाने ती मागावी, जोर लावून मागावी. पण त्याने कबूल केलं म्हणून तो सुरक्षित झाला असं समजून त्याला पुन्हा मुलांमध्ये सोडू नये, आणि तो रडतो म्हणून पॅरोल देऊ नये. रडणं स्वस्त असतं.

आणि घरातल्या माणसाच्या बाबतीत तर नकारही हलका धरायचा नाही. केव्हिन न्यून्स, हॅन्सन वगैरेंच्या २००७ च्या अभ्यासात एक बारीक गोष्ट आहे, परक्या मुलांवर अत्याचार करणाऱ्यांत नकाराने धोका वाढला नाही, पण स्वतःच्या कुटुंबातल्या मुलांवर अत्याचार करणाऱ्यांत नाकारणारे पुन्हा करण्याची शक्यता जास्त होती. मला हे अगदी पटतं. कारण परका माणूस नाकारतो तेव्हा एकटा असतो, घरातला माणूस नाकारतो तेव्हा त्याच्या मागे अख्खं घर उभं राहून नाकारतं. आजी म्हणते तो असा नाही, काकू म्हणते पोरगी टीव्ही बघून काहीबाही बोलते, बाबा म्हणतात घरातली गोष्ट घरात राहू दे, हिच्या लग्नाचं बघायचंय. मग पुढच्या दिवाळीला सगळे त्याच घरात एकत्र जमतात, आणि ती मुलगी त्याच्या पाया पडते. त्याला सबब शोधावीच लागत नाही, घरचे सगळे मिळून ती तयार ठेवतात.

आपल्याकडे २०१८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस सुरू झाला, सुरुवातीलाच ४.४ लाखांवर नोंदी होत्या, पोलिसांना तपासाला उपयोगी आहे. पण इंग्लंड-कॅनडासारखा देशभरच्या तुरुंगांत चालणारा, मोजून तपासला जाणारा उपचार कार्यक्रम आपल्याकडे नाही. गुन्हा घडायच्या आधीच मदत करायची म्हटलं तर बर्लिनच्या शॅरिते हॉस्पिटलने २००५ पासून ते केलंय, ज्यांना मुलांबद्दल आकर्षण वाटतं आणि काही करायचं नाहीये अशांसाठी गुप्त उपचार, आणि आपल्या पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्राने त्यांच्याशी जोडून घेऊन असंच काम उभं केलं, याचा मला खूप आधार वाटतो. फक्त जर्मनीत थेरपिस्टवर झालेला गुन्हा पोलिसांना कळवायची सक्ती नाही. आपल्याकडे पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे मुलावर गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली तरी कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा. मी त्या कलमाच्या बाजूने आहे, आपल्याकडे सगळं दाबून टाकायची जी सवय आहे त्यात ते हवंच. पण ज्याने अजून काही केलेलं नाही आणि जो घाबरून दार वाजवतोय त्याला नेमकं काय सांगायचं, कुठे ओळ आखायची, यावर डॉक्टर, वकील आणि मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था यांनी एकत्र बसून स्पष्ट लिहून द्यायला हवं, नाहीतर तो माणूस येणारच नाही आणि आपल्याला पेपरमध्येच कळेल.

आणि जे आत आहेत त्यांचं काय? दहा वर्षं, वीस वर्षं शिक्षा असते, त्यात सुतारकाम शिकवतात, शिवणकाम शिकवतात, योगासनं होतात, आणि मग बहुतेक जण कधी ना कधी बाहेर येतात, त्याच गावात, त्याच वाड्यात. एवढ्या वर्षांत एकदाही कुणी शिकलेल्या माणसाने त्याच्यासमोर बसून विचारलेलं नसतं की ती गप्प बसली तेव्हा तुला काय वाटलं होतं. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सोशल वर्क शिकवणाऱ्या आपल्या कॉलेजांनी दरवर्षी दोनचार विद्यार्थी, चांगल्या सुपरव्हिजनखाली, एका तुरुंगात पाठवायला सुरुवात केली तरी पाच वर्षांत आपल्याकडे मराठीत बोलणाऱ्या, मराठीत स्वतःला फसवणाऱ्या माणसांबद्दलची आपली स्वतःची माहिती तयार होईल. शिकवणारं कुणी हे वाचत असेल तर मला मेल करा, मुलांसोबतच्या कामातून जे शिकले ते विद्यार्थ्यांसमोर येऊन सांगायची माझी तयारी आहे.